चाळीस पूर्ण होईपर्यंत

दमलेल्या माणसाला पायऱ्या मोजायची सवय लागते. विधी विभागाचा वर्ग विद्यापीठाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता आणि तिथवर बासष्ट पायऱ्या होत्या, हे साठ जणांच्या वर्गात एकट्या ताईला ठाऊक होतं. बाकीचे वर जाताना गप्पा मारत. चढणं आणि बोलणं ही दोन कामं एकदम जमण्याचे ताईचे दिवस मागे पडले होते. वय अठ्ठेचाळीस, आणि गुडघे वयापेक्षा थोडे मोठे.

तिला वर्गात ताई म्हणायची सुरुवात पहिल्या वर्षी झाली. विसरलेला डबा द्यायला तिचा धाकटा भाऊ आला होता. ऐन तासाला दारातून "ए ताई" अशी हाक मारून, डबा पहिल्या बाकावर ठेवून तो निघूनही गेला. तेव्हापासून अख्खा वर्ग तिला ताई म्हणू लागला, शिकवणाऱ्या बाईसुद्धा. बाई तिच्याहून सहा वर्षांनी लहान होत्या, तेव्हा त्यात खोटं असं काही नव्हतं.

सकाळी सात ते दुपारी तीन ताई इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये असे. बरे होऊन घरी गेलेल्यांचे आणि देवाघरी गेलेल्यांचे, सगळ्यांचे केसपेपर शेवटी तिच्याच टेबलावर येत. ते तारखेने लावायचे, भोकं पाडून फायलीत ओवायचे, फायलीच्या पाठीवर क्रमांक घालायचा आणि शिडीवर चढून फाईल रॅकवर ठेवायची. डॉक्टरांचं अक्षर वाचता येणारी माणसं त्या इस्पितळात दोनच होती, एक औषधांच्या खिडकीवरचा म्हातारा आणि दुसरी ताई. तिथून सुटल्यावर उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि साडेचारला वर्ग गाठायचा. मागच्या बाकावर डुलकी लागते म्हणून ती पहिल्या बाकावर बसे. तिथेही डुलकी लागायचीच, पण लागली की बाई डस्टर टेबलावर हलकेच आपटत आणि शिकवणं न थांबवता पुढे जात.

या वयात कायदा कशाला, हा प्रश्न तिला सगळ्यांनी एकेकदा विचारून झाला होता. शेजारच्या बाकावरचा कंडक्टर मात्र रोज विचारी. तो ड्यूटी संपवून खाकी गणवेशातच वर्गात येई.

"ताई, खरं सांगा, कुणावर केस टाकायची आहे?"

"कुणावर नाही."

"मग घरात कुणी ऐकत नाही का तुमचं? मी त्यासाठीच आलो. अजूनही ऐकत नाहीत, पण आता निदान कुठल्या कलमाखाली ऐकत नाहीत ते मला कळतं."

ताई हसे आणि वही उघडे. सांगायचं नव्हतं असं नाही, पण थोडक्यात सांगण्यासारखं नव्हतं आणि लांबवायला तिच्यात जोर नसे. आपण सांगू.

ताईच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. कोपऱ्यावर अरुंद, तीन मजली घर. खाली दुकान, मधे कुटुंब, वरचा मजला भाड्याने. आई लवकर गेली होती. थोरलीला त्यांनी शिकवलं, नोकरीला लावलं आणि तिच्या बाजूने निश्चिंत झाले. धाकट्याचं मात्र त्यांना काही खरं वाटत नसे. सतरा वर्षांचा असताना त्याने नवी कोरी सायकल देऊन कबुतरांची जोडी घरी आणली होती. कबुतरं दुसऱ्या दिवशी उडून जुन्या मालकाकडे परत गेली आणि हा तिथून पुढे वर्षभर कॉलेजला चालत गेला. वडिलांनी हे मनावर घेतलं. त्यांनी मृत्युपत्र केलं की घर संपूर्णपणे धाकट्याचं, दुसऱ्या कुणाचा त्यात वाटा नाही. मात्र त्याला चाळीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ते थोरली आणि आपले स्नेही वकील या दोघांनी विश्वस्त म्हणून सांभाळावं आणि मग त्याच्या हवाली करावं. वकीलकाकांनी विचारलं होतं म्हणे, की चाळीस म्हणजे जरा जास्त होत नाही का. वडील म्हणाले, पंचविशीत अक्कल येते ती इतरांना.

वडील गेले तेव्हा धाकटा एकोणीस वर्षांचा होता आणि ताई चौतीस.

विश्वस्त हा शब्द कागदावर मोठा भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ गच्चीवरची पाण्याची टाकी असा होतो. टाकी धुणं, मोटार जळली की माणूस शोधणं, जिन्याचा दिवा, ओल आलेली भिंत, घरपट्टीच्या नोटिसा. चष्म्यांच्या दुकानाच्या जागी आता लॉन्ड्री होती आणि वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. लॉन्ड्रीची वाफ शिक्षिकेच्या खिडकीत शिरते ही तक्रार आठ वर्षं चालू होती.

"ताई, तुम्हीच सांगा," लॉन्ड्रीवाला म्हणायचा, "वाफ वर जाते, त्यात माझा काय दोष? ती खाली गेली असती तर मी तिला अडवलं असतं."

वकीलकाकांनी एक पद्धत घालून दिली होती. ज्याचं घर आहे त्याला दरसाल सगळं कळलं पाहिजे, म्हणून धाकट्याच्या वाढदिवशी, जेवायला बसण्याआधी, मृत्युपत्र मोठ्याने वाचायचं. वर्षभरात घरात काय काय केलं ते सांगायचं. मग धाकट्याने एका जाड वहीत 'ऐकलं' असं लिहून सही करायची. दुसऱ्यांकडे वाढदिवसाला काय काय करतात, यांच्याकडे हे. पाच वर्षांनी वकीलकाकाही गेले, पण ताईने वाचन सोडलं नाही. धाकटा आता तेहेतीस वर्षांचा होता आणि 'चाळीस वर्षं पूर्ण होईपर्यंत' हे शब्द तिने त्याला आजवर चौदा वेळा वाचून दाखवले होते.

काका गेल्यावर अडचण अशी झाली की शंका आली तर विचारायला कुणी नाही. दुसरे वकील "बघावं लागेल" म्हणत आणि बघत नसत. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी ताईने स्वतःच प्रवेश घेतला. आपण डोक्यावर काय घेतलंय ते तरी नीट समजावं, एवढीच तिची इच्छा. दोन वर्षं करार, गुन्हे, घटना यांत गेली. तिसऱ्या वर्षी तो विषय आला. पुस्तकावर नाव समन्याय आणि विश्वस्त कायदा. वर्गात सगळे नुसतं इक्विटी म्हणायचे.

बाईंच्या वर्गात बसणं म्हणजे कीर्तनाला बसल्यासारखंच होतं. आधी तत्त्व सांगायच्या, मग त्यावर आख्यान लावायच्या, आणि आख्यान रंगात आलं की मधेच थांबून विचारायच्या, "बोला, सदसद्विवेकबुद्धी काय म्हणते?" कारण हा विषयच मुळी त्या बुद्धीचा. बाई म्हणाल्या, वस्तू कागदावर एकाच्या नावाची असते, पण न्यायाने ती दुसऱ्याची असते. ज्याच्या नावाची आहे त्याने ती स्वतःची न मानता दुसऱ्यासाठी जपायची, त्यातून स्वतःला काही घ्यायचं नाही. पहिल्या तासाला हे ऐकताना ताईला भरून आलं होतं. ती टाकी, ती मोटार, ती वाफ, या सगळ्याला पुस्तकात जागा होती. देवाला हे दिसतंय एवढं ती धरून चालली होती. कायद्यालाही दिसतंय हे तिला नवीन होतं.

असो. मंगळवारची गोष्ट. बाई मंगळवारी चिठ्ठ्या काढायला लावत. खोट्या खटल्यातल्या एकेका पक्षाचं नाव चिठ्ठीवर असे, ज्याला जो पक्ष येईल त्याने त्याच्या बाजूने उभं राहायचं. बाईंनी खटला सांगितला. एका गृहस्थाने मुलासाठी घर ठेवलं. अट अशी की पंचवीस पूर्ण होईपर्यंत ते विश्वस्ताकडे राहील. मुलगा आज बावीस वर्षांचा आहे आणि म्हणतो, मला घर आत्ताच द्या.

विश्वस्ताची चिठ्ठी ताईला आली. मुलाची कंडक्टरला.

ताई उठली. एरवी ती चार वाक्यांत आटपायची, पण त्या दिवशी तिला कुणीतरी आपल्याच घरात उभं करून विचारल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "वडिलांनी तो आकडा उगीच घातलेला नसतो. मुलगा त्यांनी बघितलेला असतो. सायकल देऊन कबुतरं आणणारा मुलगा असेल."

वर्ग हसला. ताई हसली नाही.

"विश्वस्ताने शब्द दिलेला आहे. बाप गेला, आता त्याला कोण विचारतंय, असं म्हणून शब्द मधेच टाकता येत नाही. आणि तीन वर्षं म्हणजे काय मोठं? कामात असलं की निघून जातात."

कंडक्टर उठला, खांद्यावर नसलेली बॅग त्याने सवयीने सावरली. "बाई, माझा पक्षकार सज्ञान आहे. डोकं जागेवर आहे. घरात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही, आणि पंचविशीच्या आत त्याचं काही बरंवाईट झालं तर घर दुसऱ्याला जाईल असंही लिहिलेलं नाही. म्हणजे तिकीट त्याचं, जागा त्याची, जागा रिकामी आहे. आणि या ताई म्हणतात, तीन स्टॉप उभा राहा. का, तर वडिलांनी सांगितलंय. वडील केव्हाच उतरून गेले हो."

पुन्हा हशा झाला. बाईंनी डस्टर आपटून तो थांबवला.

"कंडक्टर जिंकले," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या. लाभार्थी सज्ञान असेल, समजदार असेल, आणि मालमत्ता पूर्णपणे त्याची एकट्याची असेल, तर तो ती विश्वस्ताकडे केव्हाही मागू शकतो. देणाऱ्याने घातलेली तारीख त्याच्या आड येत नाही. एकदा देऊन टाकलं की दिलेल्या वस्तूवर हात ठेवून बसता येत नाही, बाप असला तरी."

सगळ्यांच्या वह्यांवर पेनं सरसरली. ताईचं पेन थांबलं होतं.

"चाळीस लिहिलं असलं तरी?" तिने विचारलं.

"सत्तर लिहिलं असलं तरी."

"आणि त्याने मागितलंच नाही तर?"

"मग आहे तसं चालू राहील. मागणं लाभार्थ्याचं असतं. विश्वस्ताला कंटाळा आला म्हणून वस्तू रस्त्यात ठेवून जाता येत नाही."

"पण त्याला माहीत नसेल तर? विश्वस्ताने सांगायला हवं का, की बाबा, तू मागू शकतोस?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुझ्यासाठी सांभाळतोय, एवढं सांगणं बंधनकारक. त्यापुढे जाऊन त्याला वकिली सल्ला देत बसणं नाही. कायद्याने नाही." त्या ताईकडे बघत राहिल्या. "परीक्षेत एवढंच लिहा."

त्या संध्याकाळी उतरताना ताईने पायऱ्या मोजल्या नाहीत.

बुधवार गेला, गुरुवार गेला. ती धाकट्याला काही बोलली नाही. तो लिफ्टचा मेकॅनिक होता, दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं बाहेर काढायचं त्याचं काम. दिवसा केव्हाही फोन यायचा आणि तो जेवता जेवता उठायचा. समोर बसून बोलायला सवड नव्हती असं ताईने स्वतःला सांगून पाहिलं. ते तिला स्वतःलाच पटलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की तिला भीती वाटत होती. कोपऱ्यावरची जागा, एक बिल्डर दोनदा येऊन विचारून गेला होता. घर धाकट्याच्या हातात पडलं आणि त्याने ते विकलं, तर तिला राहायला जागा नव्हती. मागच्या बाजूची तिची खोली, तिथला पलंग, खिडकीशी लावलेलं टेबल, यातलं तिचं म्हणावं तर पलंग आणि टेबल. आणि तिने गप्प राहायचं ठरवलं तर कुणी तिला बोट लावू शकत नव्हतं. बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, कायद्याने नाही. सात वर्षंच तर उरली होती. ती सात वर्षं तिने डोळ्यांपुढे आणली आणि तिला इतका थकवा आला की गुरुवारी तिने एका गर्भार बाईचे कागद हर्नियाच्या म्हाताऱ्याच्या फायलीत ओवले. बावीस वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं.

शुक्रवारी ती चूक दुरुस्त करताना तिला एक्स-रेवाला आठवला. ती छत्तीस वर्षांची असताना इस्पितळाच्या एक्स-रे विभागात एक गृहस्थ होते, सज्जन, जरा बोलघेवडे. दर रविवारी घरी चहाला येत. त्यांना समुद्रकाठच्या शहरात मोठ्या इस्पितळात जागा मिळाली होती आणि त्यांनी ताईला बरोबर चलता का म्हणून विचारलं होतं. ताईने त्यांना मृत्युपत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, दोन वर्षं थांबतो, फार तर तीन. पण एकोणीस वर्षं म्हणजे माझी पेन्शनच येईल. त्यांची काही चूक नव्हती. ते गेले आणि पहिल्या वर्षी दोन पत्रं आली.

तेव्हाही धाकटा सज्ञान होता. तेव्हाही त्याने नुसतं मागायचा अवकाश होता. पण बिचाऱ्याला काय माहीत, असं ताईच्या मनात आलं, आणि त्याचीच तिला दया आली. शनिवारी सकाळी तिने देवापुढे हात जोडले आणि काय मागावं तेच तिला सुचेना. घर राहू दे म्हणावं तर ते तिचं नव्हतं. ओझं उतरव म्हणावं तर ते उतरवायचा रस्ता तिला मंगळवारपासून माहीत होता. देवाने पाठवायचं ते उत्तर बाईंच्या तोंडून पाठवलं होतं. आता पुन्हा विचारणं म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं करणं.

रविवारी सकाळी धाकटा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून हत्यारं पुसत बसला होता. ताई समोर खुर्ची घेऊन बसली.

"तुझ्याशी बोलायचं आहे."

"पंखा बघतो आज. लक्षात आहे."

"पंख्याचं नाही." तिने एका दमात सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण दम दोनदा घ्यावा लागला. "वडिलांनी घातलेली ती चाळीसची अट. ती तुला बांधत नाही. तू सज्ञान आहेस, घर तुझं एकट्याचं आहे, तू मागशील त्या दिवशी मला ते तुझ्या नावाने करून द्यावं लागेल. आजसुद्धा. मंगळवारी वर्गात शिकवलं."

धाकटा पाना पुसत राहिला. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग काही बोल."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हेच. वकीलकाकांनी सांगितलं होतं. मी एकवीसचा झालो त्या दिवशी. वाचन झालं आणि तू जेवण वाढायला आत गेलीस ना, तेव्हा."

तो पुढे बोलत गेला. "काका म्हणाले, हे तुझ्या बहिणीलाही कळायला हवं, मी सांगू की तू सांगतोस? मी म्हटलं, मी सांगतो."

खाली लॉन्ड्रीचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

"त्यानंतर मी तुला ते बारा वेळा वाचून दाखवलं," ताई म्हणाली.

"हो."

"आणि बारा वेळा तू खाली लिहिलंस. ऐकलं म्हणून."

"ऐकलं होतंच की," तो म्हणाला. हसवायला म्हणाला होता. मग त्याने पाना खाली ठेवला.

रागावायलाही अंगात जोर लागतो. ताईने तो शोधून पाहिला. होता, पण फार खोल कुठेतरी, आणि तिथवर जायला पायऱ्या पुष्कळ होत्या. तिने एवढंच विचारलं, "का रे?"

"काही नाही. चाललं होतं. सगळं तूच बघत होतीस."

"हे झालं आत्ताचं. तेव्हा का?"

तो बराच वेळ वर्तमानपत्राच्या कडेवरचं ग्रीस बोटाने पसरवत राहिला. "एक्स-रेवाले यायचे तेव्हा आपल्याकडे," तो म्हणाला. "मी घर मागितलं असतं तर तू त्यांच्याबरोबर गेली असतीस. मी आतून ऐकायचो ना सगळं. एकवीसचा होतो, ताई. आई नाही, बाबा नाही. मला चहासुद्धा करता येत नव्हता."

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर तर सांगायला तोंडच राहिलं नाही. दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगून टाकू. मग तू ती फाईल घेऊन बसायचीस, वाचायला लागायचीस, आणि तुझ्याकडे बघून वाटायचं, एवढी दमली आहे, आज नको."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. कानाच्या वर त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. सायकल देऊन कबुतरं आणणारा मुलगा तिने चौदा वर्षं सांभाळला होता, आणि तो मुलगा केव्हा निघून गेला ते तिला कळलंच नव्हतं. हा समोर बसलेला माणूस तिच्या आयुष्यातली बारा वर्षं खिशात घालून हिंडत होता, आणि त्या वजनाने तोही वाकलेला होता. असं देवाने एकेका घरात काय काय भरून ठेवलेलं असतं.

"माग आता," ती म्हणाली.

"काय?"

"घर. मी आपणहून सोडू शकत नाही. तू मागायचं असतं."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर मी सात वर्षं सांभाळीन. शब्द दिलेला आहे."

तिने हे धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. ती खरोखरच सांभाळणार होती, हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यामुळेच धाकट्याला तिच्याकडे बघवेना.

"मागितलं तर तू कुठे जाशील?" त्याने विचारलं.

"ते मधे आणू नकोस."

"असं कसं? तुझी खोली तुला राहील, असं लिहून देतो. आधी ते लिहू, मग—"

"नाही. विश्वस्ताने अटी घालून द्यायचं नसतं. त्यातून स्वतःला काही काढायचं नसतं. पहिल्या महिन्यात शिकवतात हे."

"मी काय तुला बाहेर काढणार आहे का?"

"काढशील किंवा नाही काढणार. विकशील किंवा ठेवशील. तुझं झाल्यावर तू ठरव. मला आत्ता नुसतं हातातून खाली ठेवायचं आहे रे. कुठे ठेवलं जातंय ते बघायचंही त्राण नाही."

धाकट्याने हात पुसले. एक हात, मग दुसरा, बोटांच्या मधून, नखांच्या कडेने, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला हात देण्याआधी पुसावेत तसे. तो उठून उभा राहिला, मग उभं राहून मागणं त्याला बरं वाटेना म्हणून पुन्हा खाली बसला.

"एकदाच म्हणायचं का?"

"एकदा पुरे."

"ताई," तो म्हणाला. "ताई, घर दे."

"दिलं," ताई म्हणाली.

खोलीत काही हललं नाही, भिंती होत्या तिथेच होत्या. ताईने खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. धाकटा हात द्यायला पुढे आला तोवर ती उठलीही होती.

"उद्या मला अर्ध्या दिवसाची सुट्टी आहे," ती म्हणाली. "नोंदणी कार्यालयात जाऊ. मसुदा मी केलाय, पाच कलमं आहेत. तू वाचून घे. नुसती सही करू नकोस."

"तू वाच ना."

"आता तू वाचायचं."

ती मागच्या खोलीकडे निघाली. सकाळचे साडेदहा झाले होते. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं आणि रस्त्यावर वर्दळ होती. अशा वेळी पलंगावर आडवं व्हायचं म्हणजे घरात कुणीतरी आजारी असायला हवं, अशी तिची आजवरची समजूत. तिने उशी सारखी केली. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि टेबलावर पुस्तक उघडं होतं. तिने ते मिटलं.

धाकटा दारात येऊन उभा राहिला. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"ताई, पण तू राहशील ना इथे?"

ताईने डोळे मिटले होते. तिने प्रश्न ऐकला, त्यावर विचारही केला, पण विचार दुसऱ्या टोकाला पोहोचेना.

"झोपून उठल्यावर सांगते," ती म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली.